गाणं सुरू कवा होते?

…नाही पण मले एक सांगा, गाणं म्हटलं का कोणीतरी गायले पाहिजे का नाही? तुम्हाले सांगतो, आमच्या भूपेशचं नवीन गाणं आलं. पोट्टा म्युझिक प्रोड्युसर आहे, म्हंजे दार लावून कम्प्युटरसमोर मान हालवते, अन् ह्या गाण्याले म्हणते मेलोडिक प्रोग्रेसिव्ह हाऊस! मी जन्म काढला हिंगण्याच्या कंपनीत प्रेस मशीनवर, तिथंबी असंच धुम धुम धुम चाले, पण तिथं ऐकाचा पगार भेटे! मी विचारलं, "बाबू, गाणं सुरू कवा होते?" तर म्हणते, "बाबा, सुरूच आहे."

याच्यापायी पोट्ट्याचं लग्न जमून नाही राहिलं ना! सोयरे विचारते, पोरगा करते काय? काय सांगू… धुम धुम करते?

त्यात काटोलचे पाहुणे आले घर पाहाले. संत्र्याचे व्यापारी, संग त्यायची पोरगी मयुरा. मी बायकोले बजावलं होतं, मैना, गाण्याचं नाव काढू नको. अन् हिनं पोहे ठेवल्या ठेवल्या काय म्हणावं? आमच्या भूपेशचं गाणं ऐका ना जी! काहून? कोणी विचारलं होतं?

भूपेशनं लावलं. धुम धुम धुम… पोहे सरले, चहा झाला, सुपारी कातरून झाली. पाहुणे हळूच माह्या कानात, "भैयाजी, गाणं सुरू कवा होते?" मी म्हटलं, येऊनच राहिलं. जसं काही काटोलच्या बसनं येणार होतं!

तेवढ्यात धुम धुम एकदम बंद. नुसता बारीक सूंऽऽ आवाज. मी म्हटलं, सुटलो बाप्पा! टाळ्या वाजवल्या, हिनंबी वाजवल्या. पाहुणे उठले, चपला हुडकता हुडकता मोकळेपणानं म्हणाले, "पोरगा चांगला आहे जी. पण ह्या गाण्यात पेटीच पेटी आहे, अंदर संत्रंच नाही. आमच्या पोरीले नाही जमाचं." झालं! हेबी स्थळ गेलं…

अन् पोरगी कुठं? पोरगी डोळे मिटून बसलेली. म्हणते, "बसा ना बाबा. ड्रॉप यायचा आहे अजून, खरा दणका तोच."

अन् आला ना जी! धाडकन! पाहुण्याच्या हातची चप्पल खाली, शोकेसमधले कप नाचून राहिले, अन् भूपेश न मयुरा दोघंबी एका तालात मान हालवून राहिले. पोट्ट्याले असं हासताना मी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कायले बोलू, मले भरून आलं.

पोरीपुढं पाहुण्यायचं काही चाललं नाही, लग्नाची तारीख निघाली. मी म्हटलं, चला, सून आली का दार उघडं राहीन, घर शांत होईन. परवा तिले फोनवर म्हटलं, बेटा, आम्हाले भांडेकुंडे काही नको, तू फक्त ये. तर म्हणते, "भांडे नाही बाबा, माह्ये स्पीकर आणून राहिली. मोठे आहेत. तुमचा पलंग बाहेर काढता येईन का?"

काढला! करता काय? तुमच्यापैकी कोणाकडं भाड्याची खोली असन तर सांगा जी. ऐन चौकात असली तरी चालन. हॉर्न निदान मधात थांबते तरी.