एकादशीची गोळी

एकोणीसशे अठ्ठावन्नची गोष्ट. बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या एका इस्पितळात भेटीची वेळ व्हायची होती. बाकावर माझ्या शेजारी एक वयस्क बाई आणि एक गृहस्थ बोलत होते.

"आत कोण आहे तुमचं?"

"थोरली बहीण, सत्यवतीअक्का. पोटात रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणतात, डोकेदुखीच्या गोळ्यांनी."

"त्या तर कुठल्याही दुकानात मिळतात हो."

"मीच आणून द्यायचो. एकादशीला कॉफी नाही, म्हणून दुपारपासून तिचं डोकं ठणकायचं. उपास निर्जळी. तिनं विचारलं, गोळी चालते का रे? मी म्हणालो, औषधानं उपास मोडत नाही, पाण्यानं मोडतो."

"मग पाण्याशिवाय घ्यायच्या?"

"कोरडीच चावून खायची. एक नव्हे, तीन-तीन, चार-चार. रिकाम्या पोटी."

"तुम्हाला तरी काय ठाऊक, अण्णा."

"ते ठाऊक नव्हतं, खरंय. पण परवाच्या एकादशीला तिला ओकारी झाली. काळी, फिल्टरमधल्या कॉफीच्या चोथ्यासारखी. मी म्हणालो, अक्का, चोरून कॉफी प्यायलीस वाटतं."

"त्या काय म्हणाल्या?"

"देवाची शपथ घेतली. मी हसत राहिलो. संध्याकाळी ती देवघरातच चक्कर येऊन पडली."

"आता शुद्धीवर आहेत ना?"

"सकाळी आली. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, नरसिंहा, डॉक्टरांना विचारलंस का? कॉफी नव्हती ना ती?"