दीड नंबर

— अरे, माथ्याला धरू नकोस, काठाला धर. ही पुढची चिमटी आहे ना, इथंच बोटं लावतात सगळे आणि इथंच हे लोकरीचं फेल्ट चिरतं. हॅटवाल्याचा नातू म्हणवतोस आणि हॅट कशी धरायची ते कुणी शिकवलं नाही? बापानं शिकवलं नाही? त्याला वेळ कुठं होता म्हणा, जन्मभर बस चालवली त्यानं. ठेव. उताणी ठेव, माथा खाली; पालथी ठेवलीस की काठ वाकडा होतो. हां. आणि त्या खुर्चीवर बसायचं कारण नाही, ती गिऱ्हाइकांसाठी आहे, तू गिऱ्हाईक आहेस की कोण आहेस ते अजून ठरायचंय. एकतीस वर्षांत तुमच्यातल्या कुणी ह्या दुकानाची पायरी चढली नाही — आणि आज एकदम 'काका'. काका म्हणे. हळू बोल जरा, आत तुझी काकू आहे. तिला ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

ऐकलं मी. एकदा सांगितलंस, ऐकलं. गुरुवारी दादाचं ऑपरेशन आहे, छाती उघडणार आहेत, आणि त्याआधी त्याला आबांची हॅट एकदा डोक्यावर घालायची आहे, आणि ती त्याला होत नाही, म्हणून मोठी करून हवी आहे, आणि ती माझ्याच हातून हवी आहे, आणि संध्याकाळच्या गाडीनं तुला परत जायचंय. झालं? राहिलं काही? मग आता माझं ऐक — होणार नाही. नाही म्हणजे नाही. शहरात आणखी तीन दुकानं आहेत, त्यातली दोन माझ्याकडून काम शिकून गेलेल्यांची आहेत, तिकडे जा. तिसऱ्याकडे जाऊ नकोस, तो नुसती इस्त्री मारतो आणि 'नवी केली' म्हणून सांगतो. का होणार नाही म्हणजे? मी सांगतो म्हणून होणार नाही. चाळीस वर्षं वाफेत उभा आहे मी, ह्या भुवया बघ, अर्ध्या वाफेनं नेल्या. ती खुंटीवरची करडी हॅट दिसते? एका बाईनं नवऱ्याची म्हणून कौतुकानं कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुतली. आणली तेव्हा पोतेरं होतं, नुसतं पोतेरं. गिऱ्हाईक म्हणालं, टाकून द्या. मी म्हटलं, थांबा. भिजवली, साच्यावर ताणली, दोरी आवळली, सुकवली, बारीक काचकागदानं घासली, खडूची पूड मारून डाग काढले, आतली चामडी पट्टी बदलली. आता बघ. आहे का कुठं काही? उद्या येऊन घेऊन जाईल तो आणि बायकोला दाखवील, बघ म्हणेल, तू मारलीस आणि त्यानं जिवंत केली.

ती झाली मग ही का नाही? — वकिली शिकलास का तू? वाटलंच मला. तोंड बापाचं आणि प्रश्न आईचे. ही का नाही, तर ह्या फेल्टनं एकदा पाणी प्यायलंय. एकदा पाणी पिऊन आटलेलं फेल्ट पुन्हा ताणायला गेलं की फाटतं. आता मशीनमधलीनंही पाणी प्यायलं होतं — ते वेगळं. ते पाणी वेगळं. हे बघ, मला कामातलं शिकवू नकोस. आणि पट्टी उलटू नकोस! हात काढ. ती चामडी पट्टी आहे, चाळीस वर्षांचं चामडं आहे ते, उलटलंस की तुटेल. तुला काय बघायचंय आत? आत काही नाही. घाम आहे आतमध्ये, आबांचा घाम आहे, दुसरं काय असणार? ती हातरुमालानं पुसू नकोस सारखी.

तुझ्याच बापानं भिजवली असेल. पावसात घातली असेल, मग चुलीशेजारी ठेवली असेल, आटली. पावसानं आटते का म्हणतोस? नाही आटत. म्हणजे थोडी आटते. दीड नंबर नाही आटत पावसानं, कितीही पाऊस लागू दे. दीड नंबर आटवायला कोमट पाणी लागतं, कोमटच, कडक नाही, कडक पाण्यानं फेल्टवर गुठळ्या येतात. चांगली भिजवायची, मग दोन नंबर लहान साच्यावर घालायची, हळूहळू दाबत आणायची, घाई करायची नाही, आणि मग शेगडीपासून हातभर लांब ठेवून तीन तास फिरवत राहायचं. एका बाजूनं तापली की वाकडी आटते आणि कुणाच्याही लक्षात येतं. सगळीकडून सारखी आटली तर कुणाच्या बापाच्या लक्षात येत नाही. फक्त चामडं तेवढं आटत नाही, त्याला मागच्या बाजूला बोटभर चुणी घालून शिवावं लागतं, बाहेरच्या फितीच्या गाठीखाली, म्हणजे — असा काय बघतोस?

असा बघू नकोस माझ्याकडे. कामाचं बोलतोय मी. कुणीही हॅटवाला हेच सांगेल.

दीड नंबर कुठून काढला म्हणतोस? तू सांगितलंस. नाही सांगितलंस? मग नजरेनं ओळखलं. चाळीस वर्षं — नाही, खरंय, आबांचं डोकं बघितल्याशिवाय कसं ओळखेन. बघितलं होतं की आबांचं डोकं, मुलगा होतो मी त्यांचा, जरी त्यांना ते मधूनमधूनच आठवायचं. टोपलीएवढं डोकं त्यांचं, आणि दादाचं अगदी तसंच. आणि माझं हे असं. घरात मला लिंबू म्हणायचे. आलेल्या गिऱ्हाइकांसमोर आबा म्हणायचे, हा माझा थोरला आणि हे माझं लिंबू. आणि दर चार दिवसांनी एक वाक्य ठरलेलं — ज्याला माझी हॅट नीट होईल त्याचं दुकान. आणि हसायचे. लोकही हसायचे, ह्यात आता काय कळायचं बाकी आहे? थोरल्याला देतो असं सरळ म्हणायचं नाही, जीभ झिजते. अकरा वर्षं मागच्या खोलीत वाफेजवळ मी उभा, पुढं गिऱ्हाइकांशी गोड बोलायला दादा, आणि दुकान कुणाला तर ज्याचं डोकं मोठं त्याला. डोकं मोठं म्हणजे अक्कल मोठी होते का रे? मग म्हशीनंच चालवावं की दुकान.

हो. आटवली. मीच आटवली, झालं तुझं समाधान? आबा गेले आणि आईनं ते वाक्य अगदी देववाणीसारखं धरून ठेवलं. म्हणाली, पुढच्या सोमवारी शेजारचा घड्याळवाला आणि समोरचा शिंपी ह्यांच्यासमक्ष दोघांनी हॅट घालून बघायची, नंतर भावाभावात बोलणं नको. रविवारी दुपारी सगळे आत्याच्या घरी जेवायला गेले. मी म्हटलं, माझं पोट दुखतंय. तीन तास पुरले मला. काय वाटलं? काही वाटलं नाही. उलट इतकं नीट काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि ते नेमकं कुणाला दाखवायची सोय नव्हती. सोमवारी दादानं हॅट घातली, ती कानांच्या बोटभर वरच अडकली. घड्याळवाला असा हसला की त्याला खोकला लागला. आईसुद्धा हसली. मग दादानं ती काढली, आतून अंगठा फिरवला एकदा — आम्हाला सवयच असते, हातात हॅट आली की अंगठा फिरतो — आणि माझ्या हातात दिली. मी घातली. मला झाली. घरात दोन डोकी, एकाला नाही झाली म्हणजे दुसऱ्याला झाली, त्यात काय विचार करायचाय? आईनं न्याय केला. म्हणाली, दुकान धाकट्याला, मग हॅट तरी थोरल्याकडे राहू दे, बापाची आठवण. मी काय बोलणार? नको म्हणणार? का नको म्हणून विचारलं असतं तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो. दुकान मिळालं आणि ही त्याच्याबरोबर गेली, आणि तेव्हापासून दारात कुणी कागदात गुंडाळलेली हॅट घेऊन उभं राहिलं की मी मागच्या खोलीत निघून जातो. एकतीस वर्षं. तुझ्या काकूला विचार, मी पार्सल कधी स्वतः उघडत नाही. नको, विचारू नकोस. तिला ह्यातलं काही माहीत नाही.

मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे.

पण एक सांगतो, दादाला कळलं नाही. एवढा मोठा कारागीर म्हणायचे त्याला, आबांचा उजवा हात, आणि हातात धरून कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बिऱ्हाड हलवलं, बसच्या नोकरीला लागला, तोंडातून चकार शब्द नाही. म्हणूनच म्हणतो, योग्य माणसाला मिळालं दुकान. ज्याला बोटभर चुणी कळत नाही, त्यानं कसलं दुकान चालवायचं? थांब, दाखवतोच तुला. नाही, मीच दाखवतो आता, तू म्हणशील काका थापा मारतो. पट्टी अशी हलकेच उलटायची, मागून सुरुवात करायची, फितीच्या गाठीखाली, ही बघ चुणी, ही माझी शि —

ही माझी शिवण नाही.

दिवा इकडे कर. आणखी. माझा दोरा काळा होता. हा तपकिरी आहे. आणि टाके उलटे पडलेत, डावीकडे. डावखुऱ्याचे टाके आहेत हे, दादाचे. ह्यानं माझी शिवण उसवली, चुणी उलगडून बघितली, आणि पुन्हा तशीच घातली, माझ्याच भोकांतून सुई घालून, एक भोक नवं पाडलेलं नाही. कारण काय? उसवलीस ना बाबा, मग मोठी करायची होतीस. एका तासाचं काम. वाफ आणि एक साचा, साचा नसला तरी पातेल्यावर ताणली असती त्यानं, त्याला येत नव्हतं असं नाही, माझ्यापेक्षा बरं यायचं. कधी उसवली? तुला माहीत आहे? बोल ना, मघापासून सगळं मीच बोलतोय.

त्याच रात्री? म्हणजे बिऱ्हाड हलवायच्या आधी. घड्याळवाला इथं शेजारीच होता. आई होती. ही चुणी आईच्या हातात ठेवायची होती, संपलं असतं. मग? ... काय म्हणालास? पुन्हा सांग.

काकू पोटुशी होती म्हणून?

तिनं तुझ्या आईला आधी सांगितलं होतं. हो, सांगितलं असेल, बायका बायकांना सांगतात. मला त्या सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. आणि तो म्हणाला, धाकट्याला दुसरं काही येत नाही, मी कुठंही पोट भरीन. असं म्हणाला? ह्याच शब्दांत? तुला कधी सांगितलं हे? परवा. बरं. म्हणजे बाकी कुणाला नाही. एकतीस वर्षं कुणाला नाही.

दया केली माझ्यावर. अरे, दया करायची होती तर सांगून करायची. मी समजत होतो मी घेतलं. रोज सकाळी हे दार उघडताना मनात म्हणत होतो, पापानं असो, पुण्यानं असो, माझ्या हातच्या कामानं घेतलं आणि त्या मोठ्या डोक्याला कळलंही नाही — त्यावर जगलो मी, दुसरं काय होतं माझ्याकडे? आणि त्यानं दिलं होतं होय ते? मला न विचारता? फसवलं त्यानं मला. हसू नकोस, खरं बोलतोय. मी एकदा फसवलं, तीन तास. त्यानं एकतीस वर्षं.

मागितलं असतं तर दिलं असतं का, ते मला विचारू नकोस. मी मागितलं नाही. नाही मागितलं कधी.

नाही, घड्याळ दाखवू नकोस. पाणी तापलेलंच आहे, दिसतंय मला. आबांचा साचाही आहे, तो काय वरच्या फळीवर, पुसून ठेवतो मी महिन्याला. तासाभराचं काम, आणि गुरुवारी छाती उघडायच्या आधी दादा पलंगावर बसून आरशात बघेल, आणि ती त्याला नीट होईल. नीटच होईल, माझ्या हातचं काम आहे ते. आणि ती त्याला झाली, की मग हे दुकान कुणाचं? बोल की. एवढे प्रश्न विचारलेस मघापासून, ह्याचं उत्तर दे.

उचल ती. उचल म्हणतो ना. आत हालचाल झाली, काकू बाहेर येईल. त्याला सांग, काका दुकानात नव्हते. जा, गाडी चुकेल तुझी.