जाळीच्या दारामागचा चेहरा

"चित्राकडे बघू नको गो. जाळीकडे बघ आणि सांग, खण भरला की रिकामा?"

सभेचे अध्यक्ष माननीय प्रेमचंदकाका, पोर्ट लुईहून मुद्दाम आलेले पाहुणे कृष्णदेवजी, व्यासपीठावर बळेच बसवलेल्या आमच्या सत्कारमूर्ती जमुनाकाकी, आणि सें पिएरच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो! आधी आपल्याला वंदन करायचं आणि मग बोलायचं, ही रीत मला ठाऊक आहे. पण आत्ता म्हटलं ते वाक्य घोकतच मी घरून निघाले. विसरेन या भीतीने ते आधी बोलून टाकलं. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

हे वाक्य काकींचं. लग्न होऊन मी लॉंग माउंटनहून या गावात आले, त्या साली त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं. क्रोशाची सुई पुष्कळ जणींना चालवता येते. छापलेला नमुना समोर ठेवला तर मीही विणते. पण नमुनाच नसेल तर? नुसतं चित्र असेल तर? काकी ते चित्र आपल्या गार्दमांजेत, म्हणजे अन्नाच्या जाळीच्या कपाटात, दाराला आतून चिकटवायच्या. दार लावलं की तारेच्या जाळीने चित्राचे बारीक चौकोनी खण पडत. मग खालच्या ओळीपासून त्या मोठ्याने सांगत जायच्या, "भरला, भरला, रिकामा, भरला..." आणि आम्ही जमिनीवर बसून, भरल्या खणात दोरा भरत, रिकाम्याला भोक सोडत, विणत जायचो. चित्राला लोणच्याचा वास यायचा. कागदावर त्यांनी कधी काही उतरवलं नाही. नमुना असायचा तो त्यांच्या आवाजात.

तो आवाज परवा बोटीने विलायतेला चालला आहे. मुलगा गोवर्धन तिथे इस्पितळात नोकरीला आहे, आईला त्याने बोलावलं, ही आनंदाचीच गोष्ट. मी आनंदाने बोलावं असं ठरलं होतं. जमतंय का, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या गणपतीच्या पडद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला कोणी खाली बसू देणार नाही. हे सभागृह आणि मागचं स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला काकींनी आमच्याकडून गणपतीचा जाळीदार पडदा विणून घेतला. सोंड डावीकडे, अगदी चित्रातल्यासारखी. चतुर्थीच्या सकाळी प्रेमचंदकाका प्रसाद बघायला आत गेले, वळले, आणि किंचाळले, "अगो, हा तर उजव्या सोंडेचा!" जाळीचं विणकाम दोन्ही बाजूंनी दिसतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. उजव्या सोंडेच्या देवाचं सोवळं कडक. कुंती कढईपुढून म्हणाली, "आता मोदक तळायला मी ओल्या लुगड्याने बसू का काका?" काका त्या दिवशी पडद्याकडे पाठ करूनच वावरले. काका हसताहेत, म्हणजे मला माफी आहे.

संध्याकाळी काकींनी पडद्याला मागून मांजरपाटाचं अस्तर शिवलं आणि भांडण मिटलं. मी त्यांना सुईत दोरा ओवून देत होते. तेव्हाच मी त्यांना पहिल्यांदा विचारलं. काय विचारलं, ते इथल्या बऱ्याच जणींना माहीत आहे.

माझी चंपा तापाने गेली, तेव्हा सात वर्षांची होती. तिचा एकच फोटो आहे. साठ सालच्या सिक्लोनमध्ये छप्पर उडालं, पेटी भिजली, फोटो वाचला. पण कोपऱ्यात एक डाग धरला. मी त्याला ऊन दाखवलं, कापराच्या डबीत ठेवलं. डाग थांबत नाही. आधी फ्रॉकवर होता, मग गळ्यावर आला. या पावसाळ्यात हनुवटी गेली. मी रोज बघते, आणि रोज बघितल्यानेच तो वाढतो की काय, अशी भीती वाटून झाकून ठेवते.

हा फोटो जाळीमागे लावून खण सांगा, मी विणते, एवढंच त्या संध्याकाळी मागितलं होतं. काकी म्हणाल्या, "नाही."

मी म्हटलं, "देव केलात, गुलाब केलेत, बंदरातली बोटसुद्धा केलीत."

"देवाचं चुकलं तर देवाची हजार चित्रं आहेत. तुझ्या पोरीचं एकच आहे."

मग त्यांनी आपल्या यजमानांचं, जयदेवकाकांचं सांगितलं. काकी, चारचौघांत सांगते, रागावू नका. काका गेल्यावर त्यांचा फोटो काकींनी असाच जाळीमागे लावून विणला होता. सगळे म्हणाले, हुबेहूब. तो पुढच्या खोलीत लागला. काकी म्हणाल्या, "आता मला ते तसेच दिसतात, खणाखणांचे. हसले की त्यांचा ओठ एका बाजूला जरासा वर जायचा. जायचा, एवढं ठाऊक आहे, पण दिसत नाही गो. खण अर्धा भरता येत नाही. की पू फेर? काय करायचं?"

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला नकार दिला नव्हता, त्या मला जपत होत्या. ते जपणं मी मानलं, आणि डाग वाढत राहिला.

आपला वेळ मी फार घेतला. सभेने मला बोलू दिलं, पाहुणे ऊन असताना आले, सत्यवतीने हार गुंफले, या सगळ्यांची मी ऋणी आहे. आनंदाच्या कार्यात रडण्याजोगं बोलले, कोणाचा मान राहून गेला असेल, तर पोटात घाला.

काकी, आता तुमच्याशी. तुम्हाला भीती आहे की विणलेला चेहरा खऱ्या चेहऱ्याला हुसकावून लावेल. पण माझ्याकडे खरा उरलाय कुठे? डोळे मिटले की आता मला फोटो दिसतो, आणि फोटोत डाग. डाग ओठांपर्यंत आलाय. अर्धा खण भरता येत नाही, हे मला कबूल आहे. मला भरलेले आणि रिकामेच द्या.

तुमची गार्दमांजे तुम्ही गोवर्धनच्या चुलत्याला देऊन टाकलीत, तिचं दार मी त्यांच्याकडून मागून आणलंय. ते तिथे भिंतीला टेकून ठेवलंय. फोटो त्याला आतून लावलाय. दोरा पांढरा आहे, सुई माझ्या पदरात आहे. बोट परवा सुटते. तुम्ही मान हलवायला लागलातच, मला इथून दिसतंय. तुम्ही नाहीच म्हणणार.

तरी काकी, खालची पहिली ओळ तेवढी सांगा.