साडेचार फुटांची गौरा

सयाजी : मान जरा तिरकी केली की जमतंय, बाई.

शांभवी : कुणाची मान, सयाजी मिस्त्री?

सयाजी : म्हशीची.

शांभवी : आणि हे तिला सांगणार कोण?

सयाजी : अव्वा हायत की. त्यांचं ऐकती ती.

रत्नव्वा : ऐकती. पण खुळ्यागत काय सांगितलं तर तोंड फिरवती. मी तरी ह्या गोठ्यात बसून दुसरं काय करतोय?

शांभवी : आत्ती, थांबा जरा. मिस्त्री, नीट बघू या. गोठा घराच्या मागं. तिथून रस्त्यावर यायला तुम्ही बोळ ठेवलात तीन फुटांचा, आणि मध्ये काटकोनात वळण. गौरा पंढरपुरी म्हैस. शिंगं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचार फूट.

सयाजी : तुम्ही शाळंत गणित शिकवतासा, म्हणून तुमाला अवघड दिसतंय.

शांभवी : बरं.

सयाजी : आन् ती आत गेली कशी मग? गेली म्हंजे येणार की.

शांभवी : पंधरा दिवसांमागं गेली. तेव्हा स्वयंपाकघराची मागची भिंत नव्हती. तिला गोठ्यात बांधल्यावर तुम्ही भिंत चढवलीत. ती उभी राहून बघत होती.

सयाजी : एका शब्दानं बोलली न्हाई.

शांभवी : तिच्याच दुधाचा चहा पीत चढवलीत.

सयाजी : चा झकास हुता, खोटं कशाला बोलू. आसं करू, बोळाच्या कडंचं कंपाऊंड पाडू.

शांभवी : पलीकडं गुंडूअण्णांची विहीर आहे. भिंतीला लागून.

सयाजी : म्हैस पवती की.

रत्नव्वा : तू पवतोस काय रं?

सयाजी : मग पाडवा झाल्यावर बघू निवांत.

रत्नव्वा : परवा दिवाळीचा पाडवा हाय, म्हणून तर बसलोय हितं! तेवीस वर्सं माझ्या गोठ्यातली म्हैस पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीला चुकली न्हाय. शिंगं रंगवून झाली, गळ्यातल्या कवड्या धुवून झाल्या. गौरा बाहीर पडल्याबिगर मी ह्या नव्या घरात पाऊल ठेवत न्हाय. पूजेला येणाऱ्या जंगमस्वामींना बी तसंच सांगून ठेवलंय.

शांभवी : ऐकलंत? पाडव्यालाच वास्तुशांत. पत्रिका वाटून झाल्यात. दोन हजार साल दोन महिन्यांवर आलंय, आणि मी पाहुण्यांना काय दाखवू? ही फरशी, हा ओटा, आणि त्या मागं माझ्या सासूबाई, म्हशीसकट.

सयाजी : शिंगांची टोकं वाईच कापली तर...

रत्नव्वा : सूनबाई, माझी विळी कुठाय?

सयाजी : न्हाय, न्हाय! इचार सांगितला नुसता.

शांभवी : आता माझा विचार ऐका. हा बांबू बरोब्बर साडेचार फुटांचा आहे. खांद्यावर आडवा घ्या. गोठ्यातून निघा, रस्त्यावर या. आलात तर गौराला मान तिरकी करायला मी स्वतः शिकवते. दिवाळीच्या सुट्टीतच आहे मी.

सयाजी : ह्यात काय हाय! आणा हिकडं.

(सयाजी बांबू कलता करून बोळात शिरतो. वळणावर पावलांचा आवाज थांबतो.)

शांभवी : अडकलात?

सयाजी : न्हाय. उभा ऱ्हायलोय.

शांभवी : मग या पुढं.

सयाजी : येतो की. घाई काय हाय?

रत्नव्वा : मागं सर की रं!

सयाजी : मागं बी उभाच ऱ्हायलोय.

शांभवी : बांबू सोडून द्या आणि या.

सयाजी : गौराला शिंगं सोडून येता येतंय व्हय? न्याय म्हंजे न्याय.

रत्नव्वा : वैरण टाकू का?

शांभवी : मिस्त्री, आता खरं सांगा. तीन फूट हे माप कुणाचं? गौराला टेप लावलीच नाही ना तुम्ही?

सयाजी : मी माप घ्यायला आलो तवा ती तळ्यावर गेलती.

शांभवी : मग?

सयाजी : मग म्हटलं, म्हशीचं माप आपल्याला तोंडपाठ हाय. बारा वर्सं धार काढलीया. आमची चंद्री, मुऱ्हा. शिंगं आशी गोल वळून कानाला चिकटल्याली. ह्या बोळातनं ती निवांत गेली असती बघा. वळणावर थांबून मागं बघितलं असतं तिनं. सवयच हुती.

रत्नव्वा : हुती?

सयाजी : गेली ती. ज्येष्ठात.

शांभवी : आणि बोळ तुम्ही श्रावणात आखलात.

सयाजी : व्हय.

रत्नव्वा : यप्पा.

शांभवी : बांबू ठेवा खाली. या बाहेर. तुमचं गणित कळलं मला. माप बरोबर धरलंत, फक्त दुसऱ्या म्हशीचं.

सयाजी : चुकलं बाई. पाडतो मी काय पाडायचं ते. माझ्या हातानं, माझ्या खर्चानं.

शांभवी : स्वयंपाकघराचं मागचं दार काढा. ओट्याकडची अडीच फूट भिंत पाडा.

सयाजी : ओटा कापावा लागंल. तुमच्या हौसंचा कडाप्पा.

शांभवी : कापा. पोळ्या लाटायला उरला तेवढा पुष्कळ. तिथून गौरा कमानीखालून हॉलमध्ये, आणि हॉलमधून पुढच्या दारानं. दार पाच फुटी आहे.

सयाजी : ही कमान नगं म्हणून मी दोन दिस भांडलोतो.

शांभवी : तीन.

सयाजी : म्हैस शोभंल बघा कमानीत.

रत्नव्वा : सगळी घरात गाय नेत्यात. आपली म्हैस घरातनं बाहीर जाणार. जाऊ दे. तिच्या मागनं मी बी येतो मग घरात.

शांभवी : आणि हॉलमध्ये तिनं शेण टाकलं तर?

रत्नव्वा : सारवलं म्हणायचं.

सयाजी : उद्या दिवस मावळायच्या आत वाट मोकळी करतो, अव्वा. आन् ह्यो बोळ टाकतो बुजवून. उगं कुणी बघायला नगं.

रत्नव्वा : बुजवू नगंस.

सयाजी : का? कुणाला उपेग त्याचा?

रत्नव्वा : चंद्रीचा हाय त्यो. ऱ्हाऊ दे.

सयाजी : ...बाई, टेप द्या जरा. अव्वा, शिंगं धरा. गौराला मोजतो.