धनमाईंची चूल

हसू नका, पण शेकडो वर्षं जपलेली आग मी एकदा तांब्याभर पाण्याने विझवली.

साठीच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे जमीनमोजणीचं काम होतं आणि मी राहायला होतो नदीच्या मुखाशी, पारशांनी वसवलेल्या एका छोट्या गावात, धनमाई नावाच्या म्हातारीच्या घरी. एका सकाळी त्या विहिरीवर गेल्या होत्या. चुलीत राखेखाली निखारे धुगधुगत होते. घर उघडं, वर झावळ्यांचं छप्पर. आपण शहाणे! निघता निघता ओतलं पाणी.

धनमाई आल्या आणि मटकन खालीच बसल्या.

"दिकरा, आमचे बापदादा इराणहून गलबतातून इथे उतरले, तेव्हा पेटवलेली चूल ही. आजवर कोणी विझू नाही दिली रे."

तेवढ्यात शेजारची कोळीण जानकी आवाज ऐकून आली.

"रडते कशाला, माय? माज्या चुलीत तुजाच इस्तव हाय. माजी सासू तुज्या सासूकडून न्यायची. थांब, आनते."

ती खापरीत निखारे घेऊन आली. मागोमाग गल्लीतल्या आणखी चौघी, प्रत्येकीच्या हातात खापरी. जानकीकडून त्यांनी नेलेला तोच विस्तव.

धनमाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि चूल पुन्हा पेटवली.

जानकीने माझ्याकडे वळून पाहिलं. "सायब, एका तांब्यानं काय व्हतंय? सगला गाव इजवाया लागंल."

मी तांब्या हळूच पाठीमागे लपवला.