शर्यतीकडे पाठ

नाही म्हणजे नाही, ताई. एक मिनिट उशीर झाला असता तरी सोडलं नसतं, तुम्हाला तर चांगली पाच झालीत. घोडे एकदा सुटायच्या जागेकडे निघाले की हे गेट बंद— मग शर्यत संपेपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. यजमान आत बसलेत? बसू द्या की. दहा मिनिटं तुमच्याशिवाय बसले तर काही बिघडत नाही, उलट सुखात असतील— रागावू नका हो, गंमत केली. तिकिटाच्या मागे सगळं लिहिलंय. बारीक अक्षरात आहे, कबूल, पण आहे. वाचत कोणी नाही. लोक पुढची बाजू बघतात, खुर्चीचा नंबर बघतात आणि मग येऊन माझ्याशी भांडतात. ती छत्री द्या इकडे. हो, मिटलेलीसुद्धा. कठड्याजवळ छत्री चालत नाही. घोडं एक वेळ मोटारीला घाबरणार नाही, पण फट्‌कन उघडलेल्या छत्रीला बुजेल. फ्लॅश नाही, कुत्रं नाही, फुगा नाही, कठड्यावर रुमाल वाळत घालायचा नाही— हसताय काय, घालतात! बावीस नियम आहेत त्या पाटीवर. झोपेतून उठवून विचारा, बावीसच्या बावीस म्हणून दाखवतो.

उभ्या राहा इथेच, माझ्या समोर. गजांतून तुम्हाला सगळं दिसेल, हे वळण तर अगदी नाकासमोर आहे. मला? मला नाही दिसत. तो तेविसावा नियम, पाटीवर नाही, आम्हा गेटवाल्यांसाठी आहे— शर्यत चालू असताना तोंड लोकांकडे, पाठ धावपट्टीकडे. शेवटचा घोडा गेटवरून जाईपर्यंत मान वळवायची नाही. चौदा वर्षं झाली इथे, आणि शर्यत म्हणून पाहिली ती एकच. तीही अर्धी. कानांना सवय होते म्हणा— टापांवरून सांगतो किती पुढे गेले, किती मागे राहिले. पण सात नंबर कुठे आहे ते काही टापांवरून कळत नाही. तेवढं एक काम कराल, ताई? दुर्बीण आहेच तुमच्या गळ्यात. सात नंबर— पिवळा सदरा, काळी टोपी, तपकिरी घोडी. पोचली का जागेवर? शांत उभी आहे की मागे मागे सरतेय?

छे छे, पैज कसली! आम्हाला पैज लावता येत नाही, नोकरी जाते. आणि सातवर लावणार तरी कोण, गेल्या तिन्ही वेळेला ती... नाही, मी आपलं सहज विचारलं. बरं, सहज कुठलं, तुमच्यापासून काय लपवायचं— दहा मिनिटांनी तुम्ही आत जाल, मग तुम्ही कोण नि मी कोण. सात नंबरवर माझी पोरगी आहे.

हो, पोरगी. पोरगीच. सगळे असेच डोळे मोठे करतात. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाही, तबेल्यातले तिला शेंगदाणा म्हणतात. लहानपणी शाळा सुटली की डबा घेऊन यायची माझा, आणि मी जेवेपर्यंत तबेल्यात. एकदा तर एका तापट घोड्याच्या पायांत बसून गृहपाठ करत होती— मी धावत गेलो, तर ते घोडं आपलं मान खाली घालून तिची वही हुंगतंय. आमची ही म्हणते, तुमच्या नोकरीपायी पोर हातची गेली, तुम्ही टपालखात्यात असता तर ती आज पत्रं वाटत असती. मी म्हणतो, अगं, तिच्या हातात लगाम दिला की घोडं कसं लोण्यासारखं मऊ होतं ते एकदा बघ तरी. ही येत नाही. मी बघू शकत नाही. दोन माणसं आईबापांच्या जागी, आणि बघणारं कोणी नाही!

सुटले का? नाही अजून? एखादं अडलं असेल, रोजचंच आहे. सात नीट आहे ना? बरं.

तसं तिचं सगळं छान चाललं होतं हो. मागच्या वर्षी या वळणावर पडली, तिथपासून बिनसलं. तुम्ही उभ्या आहात ना, तिथून वीस पावलांवर. गळ्याखालचं हाड मोडलं, दोन फासळ्या गेल्या. हाडं जुळली, त्याचं काही नाही— पोर काटक आहे. पण तेव्हापासून हे वळण आलं की लगाम खेचते. का खेचते ते तिलाही सांगता येत नाही. घोडी चांगली पुढे निघालेली असते, दुसरी, तिसरी, आणि इथे आली की आखडते. तीन शर्यती अशाच गेल्या. शिकवणारे उस्ताद चांगले आहेत, पण त्यांचं तरी घोडीचे मालक किती दिवस ऐकून घेणार? परवा उस्तादांनीच तोंडावर सांगितलं— पोरी, ही शर्यत शेवटची, हिच्यात लगाम खेचलास तर यापुढे घोडा नाही. सकाळी घरातून निघताना चहासुद्धा घेतला नाही तिने. म्हणून तुमच्या छत्रीवरून एवढा खेकसलो. एरवी मी मिटलेल्या छत्रीला सोडतो, खरं सांगतो.

कशाने पडली? घोडा बुजला. म्हणजे... चौकशीत असं ठरलं की तिनेच वळण चुकीचं घेतलं. सहा महिने परवाना बंद. ती म्हणत होती, आत माणूस होता. पट्टीवर, कठड्याच्या आत, वाकलेला एक माणूस— त्याला वाचवायला घोडा आवळला. बाकी कोणी पाहिला नाही, पुढचे निघून गेले होते, ही मागे होती. हा कॅमेरा दिसतोय ना खांबावर, तो नंतर बसवला. मग चौकशीवाल्यांनी गेटवाल्याला बोलावलं. गेटवाला कोण? मी. चार साहेब बसले होते समोर, आणि ही गळ्यात हात अडकवून बाकावर. मला विचारलं, गेटमधून कोणी आत गेलं होतं का? मी म्हटलं, नाही. कोणी नव्हतं.

असं काय बघताय? दुर्बीण तिकडे ठेवा, तिकडे! माझ्याकडे काय आहे बघण्यासारखं?

होता. माणूस होता. आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका. वाऱ्याने कोणाची तरी टोपी उडाली, पलीकडे पट्टीवर पडली. आणि मी... पोरीची पहिलीच मोठी शर्यत होती, ताई. पहिलीच. चौदा वर्षांत तेवढ्या एका वेळेला मी मान वळवली. म्हटलं एकदाच बघतो, पिवळा सदरा पुढून गेला की लगेच वळतो. कडी लावायची राहिली आणि तो बाबा माझ्या पाठीमागून आत शिरला. पाच सेकंद, सहा सेकंद. टोपी उचलली आणि सटकला, आजतागायत तोंड दाखवलं नाही. आणि मी बघत होतो, अहो, डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात ती हवेत! आधी कळेचना काय झालं. म्हणजे बघा कसं आहे— मी तिच्याकडे बघितलं म्हणून ती पडली.

खरं सांगायचं होतं हो. देवाशप्पथ, ठरवून गेलो होतो. पण साहेबांनी विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. नोकरी गेली तर क्वार्टर जातं, बायकोचं औषधपाणी इथल्या दवाखान्यातून चालतं... सबबी आहेत सगळ्या. भ्यालो, बस्स. आणि गंमत बघा, त्यांनी लगेच विश्वास ठेवला. म्हणाले, सख्ख्या मुलीविरुद्ध साक्ष देणारा बाप खोटं कशाला बोलेल! पाठीवर थाप मारली माझ्या. आणि ती? मला वाटलं भांडेल, ओरडेल, घरी आदळआपट करेल— मला बरंच वाटलं असतं. तर ती तिथेच उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझं चुकलं, मला भास झाला असेल, बाबा गेटवर असताना आत कोणी जाणंच शक्य नाही. शक्यच नाही म्हणाली! तेव्हापासून पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. इथे आली की तिला वाटतं कोणीतरी आहे, मग वाटतं नसेल, आणि तेवढ्यात हात आखडतो. मला माहितीये कशाने आखडतो. जगात मला एकट्याला माहितीये. म्हणजे आता तुम्हाला.

सुटले! ऐकलं— सुटले. कुठे आहे? सात कुठे आहे? पाचवी? चालेल, पाचवी चालेल, ती आधी दम राखते. दुर्बीण हलवू नका. मी कडी बघतो, हे बघा, लावलीये, दोनदा बघितली, हात ठेवूनच उभा आहे. आज काळं कुत्रंसुद्धा जाणार नाही आत. आता? तिसरी! सांगितलं नव्हतं? घोडी खूश असली की कान पुढे करते, बघा, पुढे आहेत का कान? आहेत ना! आल्या, टापा आल्या, पायाखाली जमीन थरथरतेय बघा. नको खेचूस. बाळा, नको खेचूस, कोणी नाही आत, मी आहे इथे. बोला ना ताई, वळणावर आली का? किती गेले— एक, दोन, तीन, हा चौथा... हातांकडे बघा तिच्या. हात कुठे आहेत?

खेचला?

या गेटकडे बघितलं तिने? नक्की? बघितलं आणि मग खेचला. हं. राहू द्या. पुढचं नका सांगू, ओरडा ऐकू येतोय, पिवळ्या सदऱ्यासाठी कोणी ओरडत नसतं. थांबा, अजून गेट उघडता येत नाही. घोडे परत इथूनच जातात चालीचालीने. हा एक गेला. हे दोन गेले. शेवटचा घोडा राहिलाय, तो गेला की सोडतो तुम्हाला. ही संथ टाप तिच्याच घोडीची आहे, ओळखतो मी. थांबली? इथे का थांबली ही?

काय गं? वळता येत नाही मला, बाळा, तू शेवटची आहेस, तू जा आधी. बोल तशीच, येतंय ऐकू. नाही, आज आत कोणी नव्हतं. कडीवर हात होता माझा, या ताईंना विचार, त्या इथेच होत्या सगळा वेळ. अजिबात कोणी नव्हतं. काय? त्या दिवशी?

रडू नकोस. साहेब लोक बघतायत पलीकडून, डोळे पूस. विचार ना, विचार, किती वेळा विचारशील तेवढ्या वेळा... नाही. त्या दिवशीही नव्हतं, पोरी. कोणीच नव्हतं. जा, घोडी घामाघूम असेल, तिला पाणी दाखव. उस्तादांना मी भेटतो संध्याकाळी. जा तू.

गेली का? वळणाच्या पलीकडे गेली? बरं. ही घ्या कडी काढली. तुम्ही काय उभ्या राहिलात अशा? शर्यत संपली, ताई. यजमान वाट बघत असतील, आत व्हा. डाव्या हाताने जा, आणि छत्री जाताना इथूनच न्यायची. चला, मागचे पुढे या— तिकीट हातात ठेवा, पिशवी उघडा.