गंजाडच्या घरातल्या दोघी

निलम : ‘मैत्रिणी’ नाही लिहिणार मी, रखमीआजी! मैत्रिणी संध्याकाळी आपापल्या घरी जातात. तू आणि सुकीआजी ती देवाघरी जाईपर्यंत याच घरात राहिलात.

रखमी : बस आधी. किती येरझाऱ्या घालतेस! सर काय म्हणतात तुझे?

निलम : म्हणतात, गावाचा इतिहास लिहायचा तर पुरावा लागतो. फोटो, लग्नाची पत्रिका, काहीतरी. तुमचं तर लग्नच लागलं नाही ना?

रखमी : तुझ्या आजा-आजीचं लागलं, तेव्हा तुझा बाप मांडवात धावत होता. तोवर ती दोघं कोण होती?

निलम : नवरा-बायको! अख्ख्या पाड्याला माहीत... अगं आजी! हाच तर पुरावा! थांब, मोबाईल चालू करते. परत बोल.

रखमी : बंद कर तो.

निलम : बरं, केला. पण तू सायवनची. इथं आलीस कशी?

रखमी : डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला होतो. सुकी झाडावर, मी खाली टोपली धरून. पाऊस आला, बाया भात लावायला आपापल्या गावी गेल्या. मी सुकीच्या गावी आले, इथं.

निलम : आणि?

रखमी : आणि काय? भात लावला.

निलम : आजी, असलं कुठल्याच पुस्तकात नाही गं! मी तलासरीची लायब्ररी पालथी घातली. लिहू दे ना! आता गुन्हापण नाही, कोर्टानं सांगितलंय.

रखमी : कुठल्या कोर्टानं?

निलम : दिल्लीच्या!

रखमी : मी दिल्लीत नाही राहत. चिमणच्या घरात राहते. सुकीचा भाचा तो. ती गेली तरी मलाही आत्याच म्हणतो, तांदूळ आणून देतो. तुझं शाळेच्या भिंतीवर लागलं, की लोक त्याला विचारतील. मग त्याला काहीतरी बोलावं लागेल. आता बोलावं लागत नाही.

निलम : मग नावं बदलते!

रखमी : मग ती दुसरीच कोणीतरी होईल. सुकीला सुकीच राहू दे.

निलम : नाव बदलायचं नाही, खरं लिहायचं नाही... मग लिहू तरी कधी?

रखमी : मी गेल्यावर.

निलम : असं नको ना बोलू. आणि उद्या सरांना काय देऊ?

रखमी : भाताच्या जाती लिहून दे. सांगते मी.

निलम : भाताच्या जाती! आणि हे? तुझ्या वयाचं कोणीतरी असेल ना, ज्याला सगळं माहीत आहे?

रखमी : त्यांना सांगितलं असतं, तर ते आमच्याबरोबरच गेलं असतं. म्हणून तुला सांगितलं.